जानराव नाहीत

अकोल्याच्या कापूस बाजारात जानराव दिवाणजींची ख्याती अशी, की त्यांच्या तोंडून फुकटचा शब्द पडत नाही. काही लोकांना तो गर्व वाटायचा. गर्व कसला, धंदाच होता तो. शेठजींच्या अडतीत त्यांना पगार मिळायचा तो अमरावतीचा भाव अकोल्यात आणि अकोल्याचा अमरावतीत पोचवण्याचा, आणि तोही होईल तितक्या स्वस्तात. बरीच वर्षं हे काम तारेनं चाललं. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून जानराव शब्द छाटत. अडतीचा पत्ता लांबलचक होता, तो तारघरात नोंदवून त्यांनी एका शब्दाचा करून घेतला. मग 'नमस्कार' गेला. मग 'कृपया' गेलं. शेवटी क्रियापदंही गेली आणि कुणाला त्यांची आठवण झाली नाही.

गल्लीतले लोक आपल्या घरगुती ताराही त्यांच्याकडे आणत. 'आम्ही सर्व खुशाल, आईची तब्येत बरी आहे, दिवाळीला या,' असं काहीतरी लिहिलेलं असायचं. जानराव चष्मा पुसायचे, कागद वाचायचे आणि 'दिवाळीला या' एवढंच ठेवायचे.

"अन आईची तब्येत?" तो माणूस विचारायचा.

"बरी हाय ना?"

"हो, बरी हाय."

"मंग त्यात सांगाचं काय? बरी तं असाचीच. नसन, तवा सांगजा."

जानरावांचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्यात आलं. जे ठीक आहे त्यावर खर्च करायचा नाही. घरीही कायदा तोच. भाजीत मीठ कमी पडलं तर ते बोलत, बरोबर पडलं तर पाटावरून उठत. त्यांची बायको इंदूबाई लग्न झाल्यापासून त्यांच्या न बोलण्यावर समाधान मानून स्वयंपाक करत आली होती, आणि समाधान म्हणजे पुरतं समाधान नव्हे हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

इंदूबाई बोलण्यात अगदी दुसऱ्या टोकाची. वांगी काय भावानं आणली असं विचारलं, की ती घरातून निघतानाच्या चपलेपासून सुरू करी. वाटेत कोण भेटलं, तिची सून कशी आहे, सुनेचा भाऊ काय करतो, असं करत करत वांग्यांपर्यंत येईपर्यंत ती शिजलेली असत. पण एका बाबतीत ती नवऱ्यापेक्षा कडक होती. तिच्या घरात काही 'संपत' नसे आणि कशालाही 'नाही' म्हणायचं नसे. डब्यात मिठाचा खडा उरला नसला तरी 'मीठ वाढलं' म्हणायचं. पाहुणा 'जातो' म्हणाला तर त्याला उंबऱ्यावर अडवून 'येतो' म्हणवून घ्यायचं. तोंडातून निघालेलं वास्तू ऐकते आणि तथास्तु म्हणते, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. जानरावांचं म्हणणं असं, की वास्तूला एवढी सवड असेल तर तिनं जरा कपाशीच्या भावाकडे बघावं.

मग अडतीत टेलिफोन आला. काळाकुट्ट, जड, गादीच्या उजव्या अंगाला ठेवलेला. गल्लीत तेवढा एकच. शेठजींनी त्याला हार घातला आणि पहिलं बिल आलं त्या दिवशी त्यांना तो हार आठवला. अमरावतीचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. एक मिनिट बोला नाहीतर तीन, पैसे तीनचेच. शेठजींचे एकट्याचे निरोप मिनिटभरात उरकत आणि उरलेला वेळ तारांवरून मूर्तिजापूर-बडनेऱ्याची हवा खात जाई. जानरावांना हे बघवेना. त्यांनी गल्लीतल्या सगळ्या अडत्यांना सांगितलं, निरोप माझ्याकडे द्या, सगळे एकाच कॉलमध्ये घालतो, खर्च वाटून घेऊ. सकाळी सगळे येऊन त्यांच्या कानात आपापलं सांगून जात, आणि जानराव श्वास भरून एका दमात तिकडे ओतत. तिकडे अमरावतीच्या अडतीत फोनवर पुंजाजी बसायचे. ते सगळं डोक्यात साठवत आणि तिथल्या दुकानादुकानांत ज्याचं त्याला वाटत. काटकसरीत पुंजाजी हे जानरावांचे थोरले भाऊच शोभावेत. त्यांच्याबद्दल अमरावतीत म्हणत, की पायाला ठेच लागली तर ते 'आई गं' मधलं 'गं' वाचवतात.

हेही महाग वाटायला लागलं तेव्हा या दोघांना पीपी सापडला.

पीपी म्हणजे अमक्याच माणसाशी बोलायचं म्हणून नाव सांगून लावलेला कॉल. पैसे थोडे जास्त, पण तो माणूस जागेवर नसला तर कॉलचे पैसे माफ, नुसती पीपीची किरकोळ फी भरायची. नियम सरकारनं सदिच्छेनं केला होता. जानरावांनी तो वाचला आणि त्यांच्या डोळ्यांत बऱ्याच वर्षांनी पाणी आलं. त्यांनी आणि पुंजाजींनी मिळून काही माणसं जन्माला घातली. ही माणसं कुठंच नव्हती, म्हणून ती कधीच जागेवर सापडत नसत. अमरावतीहून 'देवीदास आहेत का?' अशी विचारणा आली, की भाव चढला. 'गंगूबाई आहेत का?' म्हणजे उतरला. 'किसनराव' म्हणजे माल थांबवा. इकडून जानराव गंभीरपणे सांगत, "नाहीत." ऑपरेटर म्हणे, "बरं," आणि कॉल बंद. निरोप पोचलेला असे. गल्लीचा सगळा व्यवहार नसलेल्या माणसांच्या नसण्यावर चालू लागला आणि उत्तम चालला.

अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंकवर मैनाबाई असायच्या. मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेली घरातली पहिलीच मुलगी, आवाज स्वच्छ, बोलणं रोखठोक. जानरावांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पहिले काही महिने मैनाबाईंना देवीदासची खरोखर काळजी वाटली. "दिवाणजी, हे देवीदास गावातच राह्यते ना?" असं त्यांनी एकदा विचारलंही. नंतर त्या काय समजायचं ते समजल्या. नियम मोडलेला नव्हता, त्यामुळे त्यांनीही मोडला नाही. फक्त गंगूबाईंना विचारताना त्यांच्या आवाजात किंचित हसू यायचं.

जानराव आणि पुंजाजींची सोयरीकही अशीच जमली. जानरावांची शकुन लग्नाची झाली होती आणि पुंजाजींचा गोवर्धन शाळामास्तर झाला होता. मुलगी पसंत पडली तर 'देवीदास' सकाळऐवजी दुपारी, नाहीतर काहीच नाही, असं ठरलं. ज्या दुपारी देवीदासची चौकशी आली त्या दिवशी भावही चढला होता, त्यामुळे एका फीत दोन कामं झाली. पुंजाजींना हे लग्नाच्या जेवणापेक्षा गोड लागलं.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं आहे. पुढचं तसं नाही. शकुनचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, अकोल्यात झालं. मूल जन्मलं आणि रडलं नाही. सुईणीनं पुष्कळ केलं. शकुन वाचली, पण बराच काळ ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि इंदूबाई तिच्या उशाशी बसून जगातल्या सगळ्या वांग्यांच्या गोष्टी सांगायची. जानराव त्या दिवसांत अडतीत जात, येत, जेवत आणि उठत. त्यांच्याकडे त्यावर बोलायला शब्द नव्हता. शब्द कमी करायची सवय असलेल्या माणसाला वेळेवर शब्द सापडत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. कळलं तरी त्यांनी ते सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला, म्हणजे बासष्टच्या हंगामात, अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पोरीला हलवायचं नाही, बाळंतपण इथंच दवाखान्यात होईल. रीत मोडली. इंदूबाईनं बोचकं बांधलं आणि ती मोटारीनं अमरावतीला जायला निघाली. आदल्या संध्याकाळी जानराव तिच्यापुढं येऊन बसले. कामाचं बोलायचं असलं की ते असे समोर बसत.

"निरोप असा द्याचा," ते म्हणाले. "पोट्टं झालं तं पुंजाजीनं नामदेवच्या नावानं कॉल लावाचा. पोट्टी झाली तं माणिकबाईच्या नावानं. मी इकडून नाई म्हणीन. समजलं?"

इंदूबाई बोचक्याची गाठ मारता मारता थांबली. "तुमी नाई म्हणसान?"

"म्हणाच लागते. नाई म्हटलं तं पैसे लागत नाई."

ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं ही गोष्ट घरात इतकी नवी होती, की जानरावांनी तिकडे लक्ष द्यायला हवं होतं. पण ते पुढच्या नावाकडे निघाले होते.

"अन समजा," ते म्हणाले, "समजा मागच्या वानीच काही..."

"खबरदार!" इंदूबाईनं बोचकं खाली आपटलं. "ते नाव ठेवाचं नाई. तिसरं नाव काहाले पाह्यजे? तिसरं काही होतच नाई!"

"पण निरोप..."

"नाई म्हणजे नाई!"

म्हणून तिसरं नाव ठरलं नाही. दोन नावं घेऊन इंदूबाई 'येते' म्हणाली आणि गेली.

पुढचे दिवस जानरावांनी कसे काढले ते गल्लीनं पाहिलं. बोलणं तर त्यांचं कमी होतंच, आता जेवणही कमी झालं. फोनची घंटा वाजली की हात आधी जाई आणि मग थबके. देवीदासला विचारणा आली, "नाहीत". किसनरावांना आली, "नाहीत". भाव चढत होता, लोक खूश होते, आणि जानराव चढलेल्या भावाकडे नामदेव नाही म्हणून नाराजीनं बघत होते. संध्याकाळी रिकाम्या घरात जाऊन ते पिठलं करत आणि मिठाचा डबा उघडून बंद करत. एकदा डबा खरंच रिकामा निघाला. घरात कुणी नसताना ते मोठ्यानं म्हणाले, "मीठ वाढलं." मग आपणच ओशाळले.

ज्या सकाळी फोन आला त्या सकाळी लिलाव ऐन रंगात होता. कापसानं भरलेल्या बंड्या उभ्या होत्या, बैल सोडलेले होते, दलाल ओरडत होते. घंटा वाजली. जानरावांनी उचलला.

"अमरावतीहून पीपी," मैनाबाई म्हणाल्या. आज त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "जानराव दिवाणजी आहेत का?"

जानरावांनी ऐकलं आणि हातातला टाक खाली ठेवला.

नीट विचार करा म्हणजे तुम्हालाही कळेल. इतक्या वर्षांत त्यांच्या नावानं कधी कॉल आला नव्हता. यायचं कारणच नव्हतं. फोन नेहमी तेच उचलत, मग त्यांच्या नावाची जादा फी भरायची कशाला? पुंजाजींसारखा माणूस, जो ठेच लागल्यावर 'गं' वाचवतो, तो खऱ्या माणसाच्या नावानं पीपी लावणार, म्हणजे पूर्ण पैसे मोजणार, आणि त्यावर फीही भरणार? मुलगा झाला असता तर नामदेव आला असता. मुलगी झाली असती तर माणिकबाई. त्या दोन्ही नावांत जे बसत नाही, ज्याला नावच ठेवू दिलं नव्हतं, तेच आता तारेवर येऊन उभं होतं आणि त्यांचं नाव घेऊन विचारत होतं.

गल्लीतल्या दोन-तीन अडत्यांनी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना नामदेव-माणिकबाईची व्यवस्था माहीत होती, आणि या दोन्ही नावांनी असा चेहरा होत नाही हेही. ते जवळ आले आणि त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

"दिवाणजी?" मैनाबाई म्हणाल्या. "जानराव आहेत का?"

जानरावांनी ओठ ओले केले. "नाहीत," ते म्हणाले.

नसलेल्या माणसांबद्दल त्या माणसानं हजारदा 'नाहीत' म्हटलेलं मैनाबाईंनी ऐकलं होतं. असलेल्याबद्दल आज पहिल्यांदा.

"दिवाणजी, तुमीच बोलून राहिले ना?"

"जानराव नाहीत म्हणून सांगा त्याईले." त्यांचा आवाज कुणाचा तरी दुसऱ्याचाच वाटत होता. ऐकलं नाही तर झालेलं नसेल, असं त्या क्षणी त्यांना खरंच वाटलं. पुढे एकदा त्यांनी हे कबूल केलं, आणि ते कबूल करायला त्यांना बरेच शब्द लागले.

ऑपरेटरनं दोन पार्ट्यांच्या मधलं काही बोलू नये असा नियम आहे. मैनाबाईंनी तो नोकरीत एकदाच मोडला. "पाहा दिवाणजी," त्या हळूच म्हणाल्या, "तिकडं एक बाई हाय. तुमचं नाव सांगाले तिले लय वेळ लागला. लाजली, पण घेतलं तिनं. अन आता तुमी नाई म्हणाले ते ऐकून तिले राग आला. रडून नाई राहिली, दिवाणजी. रागावून राहिली."

जानरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"जोडा," ते म्हणाले.

तारेवर खरखर झाली आणि मग विहिरीच्या तळातून यावा तसा इंदूबाईचा आवाज आला. ती टेलिफोनवर आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती, आणि अमरावतीहून अकोल्यापर्यंत पोचायचं म्हणून तेवढ्या ताकदीनं बोलत होती.

"असं म्हणते का कोणी? सोताबद्दल? नाई म्हणून? लगीन होऊन आली तवापासून उखाण्यातच घेतलं तुमचं नाव, आज एवढ्या माणसांत सरळ घेतलं, अन तुमी म्हणता नाई? वास्तू काय झोपली हाय का तिकडली?"

"शकुन?" जानराव म्हणाले. एकच शब्द. तेवढाच होता.

"शकुन बरी हाय."

जानरावांनी रिसीव्हर कानावर आणखी दाबला.

"ऐकून राहिले ना? बरी हाय म्हटलं शकुन. अन पोट्टी झाली. रडली, बाप्पा, काय रडली! सारा दवाखाना उठवला. तेपण बरी हाय."

"पुन्हा सांग," जानराव म्हणाले.

टोप्या हातात घेऊन उभ्या असलेल्या गल्लीनं हे ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं. जानरावांनी एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा मागितलेली कुणी ऐकली नव्हती.

"शकुन बरी हाय. पेज प्याली. पोट्टी बरी हाय."

"पुन्हा."

"बरी हाय म्हटलं ना! दोघी बऱ्या हाय."

"माणिकबाईच्या नावानं काहून नाई लावला?" हिशोबाची सवय जाते थोडीच. "मी इकडं मेलो असतो ना, इंदू."

"लावूनच राहिले होते व्याही," इंदूबाई म्हणाली. "नाव सांगाले तोंड उघडलं त्याईनं, तं म्या हात धरला. म्हटलं, तिकडून हिचा आजा काय म्हणन? माणिकबाई नाई. जलमून घटका नाई झाली पोरीले, अन तिच्याबद्दल पयला शब्द नाई? अन तोही सख्ख्या आज्याच्या तोंडून? मागच्या खेपेले नाईच ऐकलं आपण. आता पैसे लागो, नाईतं कपाळ लागो, म्हटलं, मी सोता सांगन त्याईले. दुसऱ्या कोणाच्या कानात घालणार नाई."

जानरावांनी डोळे पुसले. इतकी वर्षं त्यांनी जी युक्ती शाबूत ठेवली होती, तिचं सगळं यंत्र 'नाही' या एका शब्दावर चालायचं, आणि हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. रिकाम्या मिठाच्या डब्यालासुद्धा ज्या शब्दाची घरात मनाई होती, तो ते नातीच्या स्वागताला पाठवणार होते. स्वस्त पडतो म्हणून.

"थ्री मिनिट्स," मैनाबाई मधे आल्या.

"अजून तीन द्या," जानराव म्हणाले.

अमरावतीच्या बाजूला काहीतरी धप्पकन बसल्याचा आवाज आला. ते पुंजाजी होते. पण ते आड आले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

"अकोल्यातून निघाली तवापासून सांग," जानराव म्हणाले. "मोटारीत कोण भेटलं?"

इंदूबाईला आधी खरं वाटेना. मग तिनं सांगायला सुरुवात केली, मूर्तिजापूरच्या स्टँडवर भेटलेल्या जाईबाईपासून. त्या तीन मिनिटांत तिची गोष्ट दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचली नाही. जानराव गादीवर टेकून, डोळे मिटून ऐकत राहिले, मागे लिलाव थांबला होता आणि कुणी त्यांना हटकलं नाही.

मुलीचं नाव आत्यानं काहीतरी दुसरंच काढून ठेवलं होतं. इंदूबाई तिच्याशी बोलायला बसली, वांग्यांपासून सुरुवात केली, आणि बारशाला नाव माणिक ठेवलं गेलं.

जानराव काही बदलले नाहीत. पुढच्या हंगामातही गंगूबाई उतरत होत्या, देवीदास चढत होते, आणि भाजीत मीठ बरोबर पडलं की जानराव पाटावरून उठत. फक्त उठण्याआधी 'बरी हाय' म्हणत. घरगुती तारांमधून मात्र ते आता तब्येत काढत नसत. लोक आश्चर्य करत आणि जादा पैसे भरत.

त्या वर्षी बाजारात सरकीचाही व्यवहार वाढला आणि त्यासाठी एक नवं नाव हवं झालं. सगळे अडतीत जमले. कुणी हे सुचवलं, कुणी ते. एकजण म्हणाला, "माणिकबाई घ्या ना, दिवाणजी. ते नाव तुमी मांगं काढलंच होतं. वापरलं नाई, रिकामंच हाय."

जानरावांनी चष्मा काढून पुसला.

"रिकामं नाई," ते म्हणाले. "ते हाय."